फ्लॉरेन्सचा संघ आणि गावची तालीम



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. मुळशी खोऱ्यात इटलीतल्या फुटबॉल-संघाचे काय काम? मंडपात शिरताना एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांला विचारलेच, "मास्तर, कुस्तीवर बोलायचं सोडून हे चेंडूचं काय काढलंत?" आम्ही म्हटले, "बाबा, तासभर बसा. बोलणार आहे ते तालमीविषयीच. फक्त जरा वळसा घेऊन येणार आहे."

वळसा वाटतो तितका लांबचा नाही. आपल्या तालुक्याच्या शिवेवर म्हाळुंगे-बालेवाडीचे क्रीडासंकुल आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी ते उभे राहिले. २०१४ साली इंडियन सुपर लीग ही फुटबॉलची स्पर्धा सुरू झाली आणि 'एफ. सी. पुणे सिटी' नावाचा संघ या मैदानावर खेळू लागला. इटलीतील फ्लॉरेन्स शहराचा 'फियोरेन्तिना' हा संघ त्याच्या भागीदारांपैकी एक होता. पहिले शिक्षक फ्रांको कोलोम्बा हे इटालियन. आणि पहिल्या वर्षीचा नामांकित खेळाडू डेव्हिड त्रेझेगे हा फ्रेंच असला तरी त्याची कीर्ती इटलीतच, तुरीनच्या युव्हेंतुस संघात झालेली. म्हणजे इटली आपल्या बांधापर्यंत आली होती.

आम्हीही गावातली पाचसहा पोरे जीपमध्ये घालून सामना पाहायला गेलो होतो. दिव्यांचा लखलखाट, हिरवेगार मैदान, ढोलाचा गजर. पोरे हरखून गेली. आमच्या पुतण्याने संघाची जर्सी विकत घेतली आणि ती अंगातून काढीना. २०१७-१८ च्या हंगामात हा संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. परंतु २०१९ साली आर्थिक अडचणींमुळे त्याचा कारभार आटोपला आणि स्पर्धेतली त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली. पाच हंगामांत सारे संपले. आम्ही चालकांना दोष देत नाही. धंद्यात खोट आली की धंदा बंद करावा लागतो, हा व्यवहार आहे. परंतु पुतण्याची ती जर्सी आज मोटारसायकल पुसायच्या कामी येते आणि तिच्याबद्दल त्याला फारसे दुःखही वाटत नाही, ही गोष्ट आमच्या मनाला लागून राहिली.

याचे कारण असे की, जो फियोरेन्तिना संघ आपल्याकडे भागीदार म्हणून आला होता, त्याचेही एकदा दिवाळे निघाले होते. २००२ साली. पण तो संघ मेला नाही. दोन्ही संघांवर संकट आले ते पैशाचेच. मग एक मिटला आणि दुसरा उठून उभा राहिला, हे कशामुळे? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही फ्लॉरेन्सचा इतिहास वाचू लागलो आणि अखेरीस आपल्या तालमीच्या दारात येऊन पोहोचलो.

फ्लॉरेन्स हे आर्नो नदीच्या काठचे जुने शहर. तिथले लोक त्याला फिरेन्झे म्हणतात. चित्रकार, शिल्पकार आणि सावकार यांच्यासाठी ते प्रसिद्ध आहे. पण त्या शहराच्या अंगात एक रांगडेपणाही आहे, तो आपल्याला जवळचा वाटेल. शहराचे जुने चार विभाग आहेत. आपण त्यांना पेठा म्हणू. सांता क्रोचे, सांता मारिया नोव्हेल्ला, सांतो स्पिरितो आणि सान जोव्हान्नी. या चार पेठांचा एक जुना चेंडूचा खेळ आहे. एका बाजूस सत्तावीस गडी. सांता क्रोचेच्या चौकात वाळू अंथरून जून महिन्यात, गावच्या संताच्या उत्सवात, तो खेळतात. निळे, तांबडे, पांढरे आणि हिरवे असे चार पेठांचे चार रंग. खेळात ठोसे चालतात, पकडी चालतात. विजयी पेठेला परंपरेने गोऱ्ह्याचे इनाम! आमच्या समोर बसलेल्या पैलवान मंडळींच्या चेहऱ्यावर हसू दिसते आहे, ते योग्यच आहे. आपल्या जत्रेतल्या कुस्त्यांच्या हगाम्याचाच हा सख्खा भाऊ.

१५३० च्या फेब्रुवारीत सम्राटाच्या फौजेने या शहराला वेढा घातला होता. अन्न तुटले होते. अशा वेळी फ्लॉरेन्सकरांनी शत्रूच्या डोळ्यांदेखत चौकात हा खेळ मांडला. "तुमच्या वेढ्याला आम्ही भीक घालत नाही," एवढेच त्यांना सांगायचे होते. पुढे शहर पडले. परंतु तो सामना लोकांच्या स्मरणातून गेला नाही. मध्यंतरी बंद पडलेला हा खेळ १९३० साली पुन्हा सुरू झाला आणि आजही होतो. इटालियन भाषेत फुटबॉलला 'काल्चो' म्हणतात, ते नाव या जुन्या खेळाचेच. खेळ इंग्रजांचा आला, पण तो बसला मात्र आधीच मळलेल्या मातीत.

१९२६ साली लुईजी रिदोल्फी या सरदाराच्या पुढाकाराने शहरातल्या दोन संस्था एकत्र झाल्या आणि फियोरेन्तिना संघ जन्मला. या दोहोंपैकी एकीचे नाव होते 'पालेस्त्रा जिन्नास्तिका लिबेर्तास'. पालेस्त्रा म्हणजे काय, तर व्यायामशाळा, तालीम! हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून क्षणभर स्वस्थ बसलो. मग आमच्या ध्यानात आले की, या संघाच्या दोन मुळांपैकी एक व्यायामशाळेतच आहे.

संघाने छातीवर शहराचेच चिन्ह घेतले, तांबडे लिलीचे फूल. गणवेशाचा रंग आरंभी तांबडा-पांढरा होता, तो लौकरच जांभळा झाला. नदीवर कपडे धुताना एक रंग दुसऱ्याला लागला आणि जांभळा तयार झाला, अशी दंतकथा तिथे सांगतात. खरीखोटी कशीही असो, नदी आणि धुणे यांच्यावाचून त्यांना आपल्या संघाची कथा सांगता येत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९३१ साली नवे क्रीडांगण खुले झाले. ते पिएर लुईजी नेर्वी या अभियंत्याने सिमेंट-काँक्रीटमध्ये बांधले. जगभरचे स्थापत्याचे विद्यार्थी आजही ते पाहायला जातात.

यशही आले. १९५५-५६ च्या हंगामात संघाने इटलीचे अजिंक्यपद प्रथम मिळविले. चौतीस सामन्यांत एकच हार, आणि तीही अगदी शेवटच्या सामन्यात. १९६१ साली युरोपातील चषकविजेत्यांच्या स्पर्धेत तो अजिंक्य ठरला. युरोपीय चषक जिंकणारा तो पहिला इटालियन संघ. १९६६ च्या नोव्हेंबरात आर्नो नदीला महापूर आला. माणसे गेली, ग्रंथ आणि चित्रे चिखलात बुडाली. १९६१ चा पानशेतचा पूर ज्यांनी पाहिला किंवा घरात ऐकला, त्यांना ते दुःख समजावून सांगायला नको. त्या पुरानंतर तीन वर्षांच्या आत, १९६८-६९ च्या हंगामात, संघाने दुसरे अजिंक्यपद आणले. त्यानंतर मात्र आजतागायत तिसरे नाही. २०२३ आणि २०२४ अशा लागोपाठ दोन वर्षी युरोपच्या एका स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जाऊन तो हरला.

एवढ्या मोठ्या इतिहासात अजिंक्यपदे अवघी दोन! तुरीन आणि मिलानच्या संघांनी ती डझनांनी मोजावी. मग लोक याच्यामागे का धावतात? केवळ जिंकण्यासाठी धावले असते तर ते केव्हाच दुसऱ्या दारात गेले असते. याचे उत्तर देणाऱ्या दोनतीन गोष्टी सांगतो.

१९९० साली रोबेर्तो बाज्जो हा त्यांचा लाडका खेळाडू युव्हेंतुसला विकला गेला. युव्हेंतुस म्हणजे यांचा हाडवैरी. शहरात दंगल उसळली, पुष्कळ लोक जखमी झाले. पुढल्या वर्षी बाज्जो युव्हेंतुसच्या वेषात फ्लॉरेन्सला खेळायला आला. त्याच्या संघाला पेनल्टी मिळाली, पण त्याने चेंडूला पाय लावायचे नाकारले. पुढे मैदान सोडून जाताना कोणी जांभळा गळपट्टा टाकला, तो त्याने वाकून उचलला. माणूस विकला गेला होता, पण जीव तिथेच राहिला होता.

१९९३ साली संघ खालच्या वर्गात घसरला. गाब्रिएल बातिस्तुता हा अर्जेंटिनाचा नामवंत खेळाडू होता. कोणत्याही बड्या संघाने त्याला हात जोडून नेले असते. तो संघाबरोबर खाली गेला आणि वर्षभरात संघाला घेऊन वर आला.

आणि आता २००२. मालकाचे दिवाळे निघाले, संघ मोडीत निघाला. नावही गेले, कारण नाव हीसुद्धा मालमत्ता, ती धनकोंच्या ताब्यात. शहराने नवी संस्था उभी केली. 'फियोरेन्तिना' म्हणता येईना, म्हणून रोमन काळातले शहराचे नाव काढले आणि त्याला रंग जोडला: 'फ्लोरेन्तिया व्हियोला', म्हणजे जांभळी फ्लॉरेन्तिया. खेळायचे कुठे, तर चौथ्या पायरीवर, लहान लहान गावांच्या संघांशी. जुन्या खेळाडूंपैकी आंजेलो दी लिव्हियो एकटा थांबला. त्याच वर्षी तो इटलीकडून विश्वचषकात खेळून आला होता. आणि लोक? त्या चौथ्या पायरीच्या सामन्यांनाही हजारो लोक क्रीडांगणात येऊन बसत होते. २००३ साली जुने नाव विकत घेऊन सोडवले आणि २००४ साली संघ पुन्हा पहिल्या वर्गात आला.

सभ्य गृहस्थहो, यातले मर्म असे आहे. दिवाळे निघाले ते कंपनीचे. संघाचे निघाले नाही. कारण संघ कंपनीच्या दप्तरात नव्हताच. तो पेठांत होता, जांभळ्या रंगात होता, बापाने पोराला खांद्यावर बसवून दाखविलेल्या सामन्यात होता. कंपनी विकत घेता येते. पेठ विकत घेता येत नाही. बालेवाडीचा संघ गेला तो त्यात खोट होती म्हणून नव्हे. त्याच्या मागे पेठ तयार व्हायला वेळच मिळाला नाही म्हणून.

कोणी म्हणेल, ही विलायतेतली गोष्ट झाली. नव्हे. आपल्या महाराष्ट्रात याचे जिवंत उदाहरण आहे, ते कोल्हापूर. १९०२ साली राजर्षी शाहू महाराज युरोपात गेले असता त्यांनी रोमचे प्राचीन वर्तुळाकार क्रीडागृह पाहिले. परतल्यावर त्यांनी कुस्तीसाठी तसे मैदान बांधायचे मनावर घेतले आणि १९१२ साली खासबागेचे मैदान पुरे झाले. इटलीचे दगड पाहून राजाने आपल्या मातीसाठी घर बांधले! त्याच कोल्हापुरात पुढे फुटबॉल रुजला, आणि कोणी रुजविला म्हणाल तर तालमींनी. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ ही फुटबॉल-संघांची नावे आहेत, ती ऐकून परक्या माणसाला कुस्तीचीच वाटावीत. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. तिच्या स्पर्धा शाहू स्टेडियमवर होतात. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला की, दोन पेठांच्या घरांत चुलीपासून ओट्यापर्यंत तोच विषय. आणि याच गावचा अनिकेत जाधव हा मुलगा २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तालमीच्या ओट्यावरून वाट कुठवर जाते, ते पाहा.

यात सारे गोडच आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ज्या अभिमानाने संघ जगतो, त्याच अभिमानाने माणसे एकमेकांची डोकीही फोडतात. कोल्हापुरात सामन्यांनंतर दगडफेक झाली आहे, स्पर्धा थांबवाव्या लागल्या आहेत. इटलीत २००७ साली सिसिलीतल्या एका सामन्याच्या दंगलीत पोलीस अधिकारी प्राणास मुकला आणि देशभरचे सामने काही काळ बंद ठेवावे लागले. पेठ म्हणजे आईची कूस, पण तिची भिंत केली की पलीकडचा माणूस दिसेनासा होतो.

यावरचा उताराही आम्हांला फ्लॉरेन्समध्येच सापडला. ४ मार्च २०१८ रोजी त्यांचा कर्णधार दाव्हिदे आस्तोरी परगावी सामन्यासाठी गेला असता झोपेतच वारला. वय अवघे एकतीस. सांता क्रोचेच्या देवळात, म्हणजे जिथे तो जुना खेळ होतो त्याच चौकात, त्याचे अंत्यसंस्कार झाले. हजारो माणसे जमली. हाडवैरी युव्हेंतुसचे खेळाडू आले. आणि लोकांनी टाळ्या वाजवून त्यांना वाट करून दिली. त्या कर्णधाराचा तेरा हा क्रमांक संघाने कायमचा बाजूला ठेवला. वैर मैदानावर ठेवावे आणि मैदानाबाहेर माणुसकी धरावी, हे आपल्या वस्तादांनी आपल्याला शिकविले नाही काय? कुस्ती चीत झाली की दोघे गडी एकमेकांना मिठी मारतात, ती याच शिकवणीतून.

आता मुळशीकडे येऊ. हे खोरे जमीन जाण्याचे दुःख जाणते. १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालेच, गावे पाण्याखाली गेली. तेव्हा जमीन बळाने गेली. आता ती भावाने जाते आहे. माण-हिंजवडीत संगणकाचे कारखाने उभे राहिले, डोंगरउतारावर बंगले आले, आणि गुंठ्याचे पैसे घरात आले. पैसा येण्यात पाप नाही. पण पैशाने गाव विखुरते; माणसे एकाच गावात राहून एकमेकांना अनोळखी होतात. अशा वेळी सारी माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहतील अशी जागा कोणती? एक देऊळ आणि दुसरी तालीम.

२०१७ च्या डिसेंबरात आपल्या भूगावात महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. अभिजित कटके विजयी झाले. त्या दिवसांत खोऱ्यातला लहानथोर भूगावच्या वाटेला लागला होता. म्हणजे आपल्या रक्तातली ओढ गेलेली नाही. पण कुस्त्या पाहायला लाख लोक येतील आणि पहाटे जोर मारायला चार पोरे येणार नाहीत, तर तालीम कशी जगावी?

आता आमच्याच घरची गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्याला उपदेश करताना आपले झाकून ठेवू नये. आमच्या गावच्या तालमीला गेली कित्येक वर्षे कुलूप आहे. हौदातली माती दगडासारखी झाली आहे. रस्त्यालगतची जागा, म्हणून तिथे दुकानांचे गाळे काढावेत असा विषय गावात निघाला आहे. पहिल्या बैठकीत आम्हीही मान डोलावली होती, हे कबूल करतो. गाळ्यांचे भाडे येईल, शाळेला उपयोग होईल, असा हिशेब मनात होता. पुढे हे फ्लॉरेन्सचे वाचन झाले आणि पालेस्त्रा हा शब्द डोळ्यांपुढे आला. त्या रात्री आम्हांला नीट झोप लागली नाही. व्यायामशाळेच्या जागी फ्लॉरेन्सकरांनी गाळे काढले असते, तर २००२ साली त्यांच्या हाती उरले काय असते?

येत्या ग्रामसभेत आम्ही उभे राहून आपले मत बदलल्याचे सांगणार आहोत. लोक हसतील, हसोत. आमचे म्हणणे एवढेच की कुलूप काढावे. माती खणून काढावी, तीत ताक, हळद, तेल घालून ती पुन्हा मळावी. पोरांना चेंडू खेळायचा असेल तर खेळू द्यावा; त्याचा संघ तालमीच्या नावाने निघावा. पोरींनाही आत घ्यावे. त्या फियोरेन्तिनाच्याच स्त्रियांच्या संघाने २०१७ साली इटलीचे अजिंक्यपद मिळविले, मग आपल्या पोरींनी दारात का उभे राहावे? आणि हिंजवडीला नोकरीसाठी आलेल्या, बंगल्यांत नि इमारतींत राहणाऱ्या परप्रांतीय माणसाचा मुलगा आला, तर त्यालाही लंगोट द्यावा. जो आपल्या मातीत घाम गाळील तो आपल्या पेठेचा. ही उदारता ठेवली तरच पेठेची भिंत होणार नाही.

बाहेरून कोणी बडा संघ येईल आणि आपल्या पोरांचे कल्याण करील, ही वाट पाहण्यात अर्थ नाही. आला तर त्याचे स्वागत करू, सामना पाहू, टाळ्या वाजवू. पण तो गेल्यावर आपल्याजवळ आपले काही उरले पाहिजे. मंडपाच्या दारात भेटलेले ते बाबा अजून समोर बसलेले दिसतात. बाबा, वळसा संपला. आम्ही तालमीच्या दारात आलो आहो. किल्ली गावाच्याच हातात आहे.